जुन्नरचा कागद आणि नारायणगावची द्राक्षे

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेले लक्षावधी कागद आहेत. दोन-अडीचशे वर्षे उलटली तरी त्यांतले पुष्कळ कागद आजही हातात धरून वाचता येतात. ज्यांचे आयुष्य या दप्तरात गेले ते अभ्यासक कागद पाहून त्याची जात सांगतात. हा दौलताबादी, हा अहमदाबादी, हा जुन्नरी. नावे गावांची असली तरी हात आपल्या समाजातील कागजींचे होते. मोडी लिहिणारा कारकून कोणीही असो, त्याच्या मांडीवरचा कागद कोण्या मुसलमान कारागिराने हौदातून उचललेला असे.

आज बाजारात जुन्नरी कागद या नावाने काही मिळत नाही. तालुका मात्र तोच आहे आणि त्याच तालुक्याचे नाव आज द्राक्षांनी आणि टोमॅटोने दूरवर गेले आहे. नारायणगाव, गोळेगाव, सावरगाव या पट्ट्यातील काळी द्राक्षे परदेशी जातात. एका तालुक्यात एक हुनर शतकानुशतके चालून संपला आणि दुसरा पाच-सहा दशकांत उभा राहिला. असे का झाले, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपल्या समाजातील बहुतेक घरे आजही हातातल्या कसबावर जगतात, म्हणून तो आपल्या पोटाचा प्रश्न आहे.

व्यवस्थापनाची पुस्तके अलीकडे 'ज्ञान-मालमत्ता' असा शब्द वापरतात. जागा, यंत्र आणि रोकड यांच्याप्रमाणे धंद्यातील माहिती आणि कसब हीदेखील मालमत्ताच आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कारागिराला हे नवीन नाही, तो त्याला हुनर म्हणतो. नवीन आहे ती पुढची गोष्ट. ही मालमत्ता एका घरात बंद ठेवली तर फार तर टिकते; परस्परांशी बांधलेल्या अनेक संस्थांमध्ये ती फिरू लागली तर वाढते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत याच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतात.

कुकडीकाठचा हुनर

कागदाची विद्या चीनमधून निघाली. इसवी सन ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली आणि त्या वेळी पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद बनवणे शिकवले, असे इतिहासकार परंपरेने सांगत आले आहेत. आठव्या शतकाच्या अखेरीस, हारून अल-रशीदच्या काळात, बगदादला कागदाचा कारखाना सुरू झाला. पंधराव्या शतकात काश्मीरच्या सुलतान झैनुल आबिदीनने समरकंदकडून कारागीर आणवले. मुसलमान राजवटींबरोबर ही कला हिंदुस्थानभर गेली आणि दख्खनमध्ये दौलताबादेजवळ कागजीपुरा आणि आपल्याकडे जुन्नर ही तिची मोठी ठिकाणे झाली. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट सारखी आढळते. विद्या कोठेही पुस्तकातून गेली नाही, माणसांबरोबर गेली. कारागीर जेथे नेला, तेथे कागद झाला.

कागदाला तीन गोष्टी लागतात: चिंधी किंवा तागासारखा धागा, चुना-खार आणि वाहते स्वच्छ पाणी. जुन्नरला कुकडी होती. जुनी गोणपाटे, दोरखंड, जाळी यांचे तुकडे करून भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, ढेंगेने म्हणजे पायाने चालणाऱ्या मोठ्या हातोड्याने कुटायचे, नदीवर धुवायचे, पुन्हा मुरवायचे, पुन्हा कुटायचे. असे अनेक फेरे झाले की लगदा हौदात सोडायचा. मग लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चाळण ठेवून ती हौदात बुडवायची, उचलायची आणि मनगटाचा एक हलका हेलकावा द्यायचा. त्या हेलकाव्यात धागे एकमेकांत गुंततात. नंतर कागदांची चळत दाबून पाणी काढायचे, एकेक कागद भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याशिवाय बोरूची शाई पसरते.

यातली किती माहिती लिहिता येईल? चुन्यात किती दिवस, हे लिहिता येईल. लगदा 'झाला' हे बोटांना कसे कळते, हे लिहिता येत नाही. मनगटाचा हेलकावा तर मुळीच लिहिता येत नाही, तो बापाच्या शेजारी हौदावर वर्षानुवर्षे बसूनच येतो. म्हणून ही विद्या घरात राहिली. ती घरात राहिली याचा दोष मी कागजींना देणार नाही. त्या काळी सगळेच कारागीर तसे होते, आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे हुनर हीच जमीन, ती तो वाटून कशी टाकणार?

परंतु या व्यवस्थेत एक दुबळेपणा होता. कागजींचे बाहेरच्या जगाशी जोडलेले धागे फार थोडे होते. चिंधी देणारा, चुना देणारा आणि माल घेणारे दरबार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. १८६० च्या सुमारास भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांच्या धोरणाने सरकारी कचेऱ्यांत विलायती कागद आला. मुंबईत आणि पुढे १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागदाच्या गिरण्या निघाल्या. शिवाय तुरुंगांत कैद्यांकडून कागद बनवून घेण्यात येऊ लागला. त्या मजुरीशी कोणत्या कागजीने स्पर्धा करावी? पुण्यात कसबा पेठेला लागून कागदीपुरा आहे. तेथील कागजी जुन्नर-नाशिककडून आलेले मानले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे मोजकेच कारखाने उरले होते.

गिरणीचा कागद आला तेव्हा कागजींना काय करता आले असते? गिरणीशी स्वस्ताईत लढणे अशक्यच होते. गिरणी जो कागद बनवू शकत नाही तो कोणता, कोणाला हवा आहे, आपला धागा कसा बदलला तर तो बनेल, हे शोधणे शक्य होते. मात्र एकट्या घराला ते झेपणारे नव्हते. त्यासाठी प्रयोग करणारा कोणी, माल नेणारा कोणी, भांडवल देणारा कोणी आणि शिकवणारा कोणी लागतो, आणि ही चारही माणसे एकमेकांशी बोलणारी असावी लागतात.

हे घडले, पण उशिरा आणि दुसऱ्यांच्या हातून. १९३४ च्या अखेरीस गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. के. बी. जोशी यांनी हातकागदाच्या पद्धती, हत्यारे आणि प्रमाणे तपासून इंग्रजीत पुस्तक लिहिले. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी कागदाच्या चीन ते हिंदुस्थान या प्रवासावर लिहिलेला निबंध त्याच पुस्तकाच्या पुरवणीत आला. १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. उस्तादाच्या बोटांत असलेले बरेच काही पहिल्यांदा वजनामापाने कागदावर उतरले. जुन्नरच्या दृष्टीने तोवर फार वेळ झाला होता.

राजस्थानात जयपूरजवळच्या सांगानेरचे कागजी वेगळ्या वाटेने गेले. अंबेरच्या राजा मानसिंगाने आपल्या पूर्वजांना सोळाव्या शतकात तेथे वसवले, असे ते सांगतात. गिरण्यांनी त्यांनाही जवळजवळ संपवले होते. स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगाच्या मंडळाकडून, आणि १९५७ पासून खादी आयोगाकडून, या धंद्याला कर्ज आणि बाजार मिळू लागला. ढेंगेच्या जागी लगदा करणारी यंत्रे आली. सांगानेर हे कापडछपाईचे गाव, जवळच होजिअरीचे कापडाचे तुकडेही मिळत; तोच त्यांचा नवा धागा झाला. १९९० च्या दशकात खादी आयोगाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था सांगानेरलाच काढली. आता तेथील कागजी घराणी लिहिण्याचा कागद क्वचितच बनवतात. भेटकार्डे, पिशव्या, डायऱ्या, वेष्टने असा माल ते परदेशी पाठवतात. घोटण्याची जुनी कला यात थोडी मागे पडली, हेही खरे. पण हौद चालू आहे आणि हौदावर कागजीच उभा आहे.

जपानमध्ये याच मुद्द्यावर बरेच संशोधन झाले. इकुजिरो नोनाका या विद्वानाने सांगितलेला एक प्रसंग आपल्या बेकरीवाल्यांना आवडेल. मात्सुशिता कंपनीला घरी पाव करणारे यंत्र काढायचे होते. पीठ मळले जाई, पण पाव काही जमत नसे. शेवटी कंपनीतील एक स्त्री तंत्रज्ञ ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागीर्द म्हणून राहिली. तो कणीक नुसती मळत नाही, ताणताना तिला एक पीळ देतो, हे तिच्या लक्षात आले. तो पीळ यंत्रात आणला आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले. पाववाल्याला स्वतःला हे सांगता आले नसते. उस्तादाचा हात आणि इंजिनिअरचा कागद एकत्र बसले तेव्हा ते ज्ञान दिसले.

द्राक्षवाल्यांनी काय केले

आता पुन्हा आपल्या तालुक्यात येऊ. द्राक्षाची बाग हा नाजूक धंदा आहे. वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मधल्या काळात केवडा, भुरी, विरळणी, मण्यांची फुगवण, आणि फेब्रुवारीत ढग दाटले की बागाईतदाराची झोप जाते. या पिकात एकाचे गुपित दुसऱ्याला कळले तर आपला भाव पडेल, अशी भीती वाटण्यास भरपूर जागा आहे. तरीही १९६० च्या सुमारास महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ उभा राहिला. संघाचे मासिक निघते, दरवर्षी पावसाळ्यात अधिवेशन भरते आणि छाटणीच्या तोंडावर गावोगावी चर्चासत्रे होतात. तेथे बागाईतदार आपली चूकही सांगतो: अमुक औषध अमुक दिवशी मारले आणि मणी जळले. ऐकणारे शंभर जण ती चूक टाळतात.

नव्या जातींचेही तसेच. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत 'तास-ए-गणेश' निघाली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि काळी 'शरद सीडलेस' निवडली. शेतकऱ्याच्या डोळ्याला बागेत एक वेगळी फांदी दिसली, त्याने तिची कलमे केली आणि ती संघाच्या जाळ्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. शरद सीडलेसचे मूळ 'किशमिश चोर्नी', ही मध्य आशियाकडची काळी बेदाणा-द्राक्षे. कागद ज्या समरकंदच्या वाटेने आला, त्याच बाजूचा हा वेलही आहे. जुन्नरच्या बागांतून निर्यात होणारी 'जंबो' ही याच काळ्या कुळातली.

निर्यातीत खरी परीक्षा झाली. १९९१ मध्ये पुण्यात 'महाग्रेप्स' स्थापन झाली. तिची रचना आपल्या व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. शेतकरी तिचा थेट भागीदार नाही. पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर अशा भागांतील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था तिच्या भागीदार आहेत. म्हणजे हे संस्थांचे जाळे झाले. राज्य पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम आणि निर्यात विकासाची 'अपेडा' ही संस्था यांनी पाठबळ दिले. शीतगृह स्थानिक संस्थेचे; परदेशी गिऱ्हाईक, दर्जाचे नियम आणि तांत्रिक सल्ला महाग्रेप्सचा.

सुरुवात सुखाची नव्हती. मुंबईच्या बाजाराला चालणारा माल युरोपच्या दुकानाला चालत नाही. जहाजात जवळजवळ तीन आठवडे जातात. तेवढ्यात देठ तपकिरी पडतात, मणी गळतात, बुरशी येते. माल नाकारला जाण्याचे प्रसंग आले. बऱ्याच संस्था गळाल्या. ज्या टिकल्या त्यांनी एकेक कारण शोधले. तोडणीनंतर काही तासांच्या आत घड थंड केले पाहिजेत, नंतर शून्य अंशाच्या आसपास ठेवले पाहिजेत, पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद ठेवला पाहिजे, मण्याचा आकार ठरावीक मिलिमीटरांत बसला पाहिजे, तोडणाऱ्या बाईने घडाला देठानेच धरले पाहिजे, मण्यांना बोट लावता कामा नये. हे शिकायला परदेशी सल्लागार आणले, त्यांचा खर्च सगळ्या संस्थांत वाटला गेला. एखाद्या एकट्या बागाईतदाराला तो सल्लागार परवडला असता का?

शिवाय एका संस्थेच्या पेटीत निघालेला दोष साऱ्या संस्थांना कळत असे. एका कंटेनरचे नुकसान ज्याचे त्याने सोसले, धडा सर्वांना मिळाला. माझ्या मते या सगळ्या रचनेतील सर्वांत मोलाची वस्तू हीच होय. शीतगृहे पैशाने उभी राहतात.

या जाळ्याचीही फजिती झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश जास्त सापडले. त्यानंतर अंश तपासणीची पद्धत बसली आणि २००६ च्या सुमारास 'ग्रेपनेट' आले. प्रत्येक बागेची नोंद, प्रयोगशाळेत नमुना, आणि रॉटरडॅमच्या बंदरातील पेटी कोणत्या बागेतली हे शोधण्याची सोय. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचा कणा झाले. आता सारे ठीक झाले असे वाटत असताना २०१० चा हंगाम आला. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारे औषध खरड छाटणीनंतर पुष्कळ बागांत मारले जाई. युरोपात त्याच्या अंशाला मर्यादा होती, आपल्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. माल तिकडे पोहोचल्यावर अडकला. निर्यातदार बुडाले, बागाईतदारांची बिले राहिली.

इतक्या संस्था असून कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? माझे उत्तर असे की जाळ्यातील प्रत्येकाने दुसऱ्यावर भिस्त ठेवली. बागाईतदार म्हणाला प्रयोगशाळा पाहील, प्रयोगशाळा म्हणाली यादीत नाही, यादी करणाऱ्याला बागेत काय मारतात हे कोणी सांगितले नाही. माहिती होती, पण ती बागेतून कचेरीकडे गेली नाही. पुढच्या हंगामासाठी ते नाव यादीत आले आणि चर्चासत्रांत औषधांच्या याद्या वाचून दाखवणे सुरू झाले. कागजींवर गिरणीचा घाव बसला तेव्हा असे जमायला जागाच नव्हती. द्राक्षवाल्यांना ती होती, म्हणून ते पुन्हा उभे राहिले.

डिंभ्याच्या पाण्यावर

आंबेगाव तालुक्यातील उदाहरण लहान आहे, पण शिकण्यासारखे आहे. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. त्यांतील डिंभे धरण घोड नदीवर आहे. त्याच्या पाण्याखाली आदिवासींची गावे आणि भातखाचरे गेली. येथील महादेव कोळी नावाने कोळी असले तरी धंद्याने डोंगरउतारावरचे भातशेतकरी. मासेमारी त्यांना शिकावी लागली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने त्यांनी धरणातील मासेमारीसाठी स्वतःची सहकारी सोसायटी केली. मत्स्यबीज जलाशयात सोडले तर मोठे मासे ते खातात, म्हणून मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या तज्ज्ञांनी पाण्यातच पिंजरे बांधून बीज वाढवण्याची रीत शिकवली. पाण्याची पातळी कधी किती उतरते, वारा कोणत्या बाजूने येतो, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. पिंजरा कसा बांधावा, हे तज्ज्ञांना. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. जमीन पाण्याखाली गेलेली माणसे त्याच पाण्यावर कारागीर झाली, ही गोष्ट मला पारितोषिकाहून मोठी वाटते.

आपल्या गॅरेजची गोष्ट

हे सारे वाचून मंचरचा एखादा मेस्त्री म्हणेल, माझा यात काय संबंध? पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरपासून आळेफाट्यापर्यंत पाहत जावे. गॅरेज, टायर, डेंटिंग-पेंटिंग, सीटकव्हर, बॅटरी यांच्या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने दिसतात. यांतील बहुतेकांनी काम वडिलांकडे किंवा मामाकडे शिकले. कार्बोरेटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे उस्ताद आपल्याकडे आहेत.

१ एप्रिल २०२० पासून देशात केवळ बीएस-६ प्रतीच्या नव्या गाड्या विकता येतात. मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. गाडी बंद पडली तर दोष सेन्सरमध्ये आहे की वायरिंगमध्ये, हे कानाला कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. आज रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत म्हणून काम चालू आहे. दरवर्षी त्या कमी होतील. कुकडीकाठच्या कागजीसमोर जशी मुंढव्याची गिरणी उभी राहिली, तशीच ही गोष्ट आहे. कंपनीचे सर्व्हिस सेंटर वर्षानुवर्षे एक पाऊल पुढे येत राहणार.

समजा मंचर-नारायणगाव पट्ट्यातील दहा गॅरेजवाले एकत्र आले. चांगला स्कॅनर आणि त्याचे दरवर्षीचे सॉफ्टवेअर एकाला जड आहे, दहांना नाही. वर्गणी काढून भागीदारीत, म्हणजे मुशारकाच्या रीतीने, तो घेता येईल. त्यात व्याजाचा प्रश्नच येत नाही. स्कॅनर कोणाकडे किती दिवस, मोडला तर भरपाई कोणाची, हे आधी लिहून घ्यावे. आपल्याकडे भागीदाऱ्या मोडतात त्या बेइमानीने कमी आणि न लिहिल्याने जास्त, असा माझा अनुभव आहे.

जवळच्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागाशी बोलणी करावी. तेथील निदेशकाला पुस्तक येते, आपल्या उस्तादाला गाडी येते. महिन्यातून एका रविवारी दोघांना एका गाडीभोवती उभे करावे. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारालाही या मंडळीत घ्यावे, कारण कोणता भाग परत येतो हे सर्वांत आधी त्याला कळते. मेस्त्रीचा मुलगा दहावी-बारावी झालेला असेल तर स्कॅनरवरचे इंग्रजी संदेश तो वाचील, आणि बापाला सांगताना स्वतः शिकेल. लहान उद्योगांच्या समूहांसाठी केंद्र सरकारच्या समूह-विकास योजना निघाल्या. २००५ ची 'स्फूर्ती' पारंपरिक उद्योगांसाठी होती. राज्यात २००० पासून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. मात्र या कोणत्याही दारात एकटा कारागीर गेला तर अर्ज घेऊन परत येतो. समूहाच्या योजनेला समूहच लागतो. भौगोलिक मानांकनाचेही तेच आहे. नाशिकच्या द्राक्षांना किंवा सांगलीच्या बेदाण्याला मिळालेले मानांकन एका व्यक्तीचे नसते, त्या भागातील सर्व उत्पादकांचे असते.

कोणी म्हणेल, मी माझी युक्ती सांगितली तर शेजारी माझे गिऱ्हाईक पळवील. ही भीती खोटी नाही आणि तिच्यावर फतवा देण्याचा मला अधिकारही नाही. पण द्राक्षवाल्यांकडे पाहावे. ते बाजारात आजही एकमेकांचे स्पर्धकच आहेत. भाव, गिऱ्हाईक, उधारी यांबद्दल कोणी कोणाला काही सांगत नाही. सांगतात ते केवडा आणि भुरीबद्दल. दोन्हीमधली रेघ त्यांनी स्वतःच ओढली. आपल्यालाही ओढता येईल: गिऱ्हाईकाचे नाव आणि दर आपल्यापाशी, गाडीचा आजार सर्वांसमोर.

सुरुवातीला कचेरी नको, नोंदणी नको, फलकही नको. एक जाड वही पुरे. तिच्यात चार रकाने आखावेत: गाडीचे मॉडेल आणि साल, गिऱ्हाईकाने सांगितलेली तक्रार, आपण आधी काय समजलो, आणि शेवटी दोष कोठे निघाला. तिसरा रकाना कोणालाही भरायला आवडणार नाही, कारण त्यात आपली चूक लिहावी लागते. तरी तो मोकळा सोडू नये. जुम्म्याच्या दिवशी बहुतेक गॅरेज दुपारी बंद असतात. नमाजनंतर अर्धा तास बसून आठवड्याच्या नोंदी वाचाव्यात. वही दर महिन्याला दुसऱ्या गॅरेजात ठेवावी, आणि ती ज्याच्याकडे असेल त्याच्या नव्या शागीर्दाने त्या महिन्याच्या नोंदी स्वतःच्या अक्षरात दुसऱ्या वहीत उतरवून घ्याव्यात.